बॅटरी टिकत नाही म्हणजे नक्की काय होतं? लॅपटॉप आणि टॅबवाल्यांनी अनुभव लिहा

सुतारपक्षी

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. माझा लॅपटॉप चार वर्षांचा आहे. नवा होता तेव्हा चार्जर काढला की आरामात सात तास निघायचे, आता साडेतीन तासांतच 'चार्जर लावा' चालू होतं. टॅब त्याच्याहून एकच वर्ष लहान, पण तो अजून जवळपास पहिल्यासारखा चालतो. दोन्ही मीच वापरतो, रोज वापरतो, मग एकाचं असं आणि दुसऱ्याचं तसं का, हे शोधायला बसलो आणि गेले दोन महिने त्यातच आहे.

पहिली गोष्ट कळली ती अशी की आपण 'बॅटरी टिकत नाही' म्हणतो त्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. एक म्हणजे आज भरलेली बॅटरी आजचा दिवस पुरत नाही. दुसरी म्हणजे घेतली तेव्हा जेवढी मावायची तेवढी आता बॅटरीत मावतच नाही. पहिलं दिवसाचं टिकणं, दुसरं वर्षांचं टिकणं. दिवसाचं टिकणं खातात स्क्रीन, ब्राउझर, व्हिडिओ कॉल. वर्षांचं टिकणं खाते उष्णता आणि बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर ठेवणं. दोन्हींचे उपाय वेगळे आणि कधीकधी एकमेकांच्या उलटे जाणारे. उदाहरणार्थ ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवलं तर बॅटरी जास्त वर्षं जगते पण रोजचे तास कमी मिळतात. म्हणून आधी आपली तक्रार कुठली ते ओळखायचं.

ते कसं ओळखायचं ते माझ्याच लॅपटॉपवरून सांगतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाईप करायची खिडकी) उघडायचा आणि पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं टाईप करायचं (अर्थात इंग्रजी अक्षरांत, बॅटरी आणि रिपोर्ट जोडून). एक फाईल तयार होते, कुठे सेव्ह झाली ते तिथेच लिहून येतं, ती ब्राउझरमध्ये उघडायची. वरच्या बाजूला डिझाइन कपॅसिटी (नवी असताना मावायला हवी तेवढी), फुल चार्ज कपॅसिटी (आता मावते तेवढी) आणि सायकल काउंट असे आकडे असतात. माझे हे:

डिझाइन ५७,००० मिलिवॉट-तास, म्हणजे ५७ वॉट-तास. फुल चार्ज ३८,१९०. सायकल २१२.

म्हणजे मूळच्या ६७ टक्केच बॅटरी उरलीय, आणि तीही फक्त २१२ सायकलमध्ये! सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर, आज ५० आणि उद्या ५० वापरले तर दोन दिवसांत मिळून एक सायकल. २१२ हा आकडा अजिबात मोठा नाही. खाली बॅटरीच्या क्षमतेचा इतिहास असतो, तो तारखांप्रमाणे बघत गेलो तर सगळ्यात मोठी घसरण ज्या सात-आठ महिन्यांत झालीय तेव्हा मी मोठा मॉनिटर जोडून, लॅपटॉपचं झाकण बंद करून, चार्जर चोवीस तास लावून काम करत होतो. तेव्हा हात लावला तर खालचा भाग कायम गरम लागायचा. टॅबवर मात्र पहिल्या दिवसापासून ८५ ची मर्यादा लावलेली होती, सहज म्हणून.

आता दुसरा हिशोब. ५७ वॉट-तासांची बॅटरी सात तास चालायची म्हणजे लॅपटॉप तेव्हा साधारण ८ वॉट खात होता. आता ३८ वॉट-तासांची साडेतीन तास चालते म्हणजे ११ वॉट खातोय. बॅटरी तर लहान झालीच पण खाणंही वाढलं. बॅटरी बदलली तरी हे वरचे ३ वॉट राहणारच. ते नक्की कोण खातंय हे अजून पूर्ण सापडलेलं नाही, त्यासाठीच धागा. तुमचे रिपोर्ट काढा, आकडे टाका, काय केल्याने फरक पडला तेही लिहा.

रातकिडा

छान विषय! मी तर इतकी वर्षं असं ऐकत आलो की बॅटरी पूर्ण उतरू द्यायची, लॅपटॉप आपोआप बंद झाला पाहिजे, मग एकदम शंभर करायची. तसंच करतो. चुकतंय का?

सुतारपक्षी

@रातकिडा, हो, आताच्या बॅटरीसाठी चुकतंय. तो सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. त्यांना अर्धवट उतरवून परत परत चार्ज केलं की तेवढीच 'आठवण' राहायची असं म्हणायचे. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला तसलं काही नसतं. उलट शून्यापर्यंत नेणं तिला जड जातं. २०-३० वर आली की लावावी, ८० च्या आसपास काढावी, दिवसातून दोनदा लावली तरी काही बिघडत नाही.

थोडं अवांतर, पण मला हे वाचताना फार भारी वाटलं म्हणून लिहितो. पहिली विक्रीला आलेली लिथियम-आयन बॅटरी सोनीची, १९९१ सालची. त्यामागच्या कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. आपण रोज मांडीवर घेऊन बसतो त्या वस्तूमागे एवढं काम आहे.

ओंजळ

मी लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात आहे, बारा वर्षं झाली. सुतारपक्षी यांनी अगदी बरोबर पकडलंय. फक्त एक भर. पूर्ण उतरवून पूर्ण चार्ज करायचा सल्ला एका बाबतीत अजूनही कामाचा आहे, तो म्हणजे टक्क्यांचा आकडा उड्या मारत असेल तेव्हा. २५ दाखवत दाखवत अचानक बंद पडतो किंवा ४० वरून एकदम १२. बॅटरीत किती शिल्लक आहे हे मोजणारी एक चिप असते, तिचा अंदाज हळूहळू भरकटतो. सहा महिन्यांतून एकदा असं पूर्ण वर-खाली केलं की तिला परत दोन्ही टोकं कळतात. त्याने बॅटरी तरुण होत नाही, आकडा खरा दिसायला लागतो एवढंच. हे केल्यावरही उड्या मारत असेल तर आतला एखादा सेल (बॅटरी अशा छोट्या सेलची मिळून बनते) गेलेला असतो.

अवकाळी

माझा लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही, चार्जर कायम लावलेला. मग तर बॅटरी वापरलीच जात नाही ना? मला तर वाटत होतं हेच सगळ्यात सेफ आहे, पण वरचं वाचून धडकी भरली.

ओंजळ

@अवकाळी, घाबरू नका, पण आजच एक सेटिंग बदला. सविस्तर सांगते कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बॅटऱ्या याच कारणाने आलेल्या असतात.

चार्जर लावलेला असताना बॅटरी भरली की लॅपटॉप थेट चार्जरवर चालतो, तुमचं ते म्हणणं खरं आहे. पण बॅटरी नुसती शंभरावर बसून राहिली तरी आत रसायन चालूच असतं. साधारणपणे एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो (काही नव्या सेलमध्ये त्याहून वर). तो ताण आहे. सेलच्या ऋण टोकावर, जे ग्राफाइटचं असतं, एक पातळ थर असतो, तो सुरुवातीला लागतोच, पण पुढे तो जाड होत जातो आणि त्यात लिथियम अडकत जातं. जे अडकलं ते परत वापरात येत नाही. सेल जितका भरलेला आणि जितका गरम तितका हा थर पटापट वाढतो. वापरा किंवा वापरू नका.

आकडे हवे असतील तर साधारण असे आहेत. २५ अंशांवर ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर नुसती ठेवली तर तिची ९६ टक्के क्षमता उरते. तीच शंभर टक्के भरून ठेवली तर ८० टक्के. आता तापमान ४० अंश करा, ४० टक्के भरलेलीची ८५ उरते आणि पूर्ण भरलेलीची ६५. आणि लॅपटॉपच्या पोटात, पंख्याच्या शेजारी, ४० अंश म्हणजे काहीच नाही. सुतारपक्षींचं ६७ टक्के कुठून आलं ते यात दिसतंय बघा.

तेव्हा कायम चार्जरवर असणाऱ्यांनी ८० ची मर्यादा लावा, त्याहून कमी, ६० ची मिळत असेल तर ती लावा. तुम्हाला टेबलावरून उठायचंच नाहीये तर वरचे ४० टक्के काय कामाचे? आणि लॅपटॉप खाली थोडी हवा खेळेल असा ठेवा. गादीवर, उशीवर नको. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या, पंख्यात धूळ साचली की सगळी उष्णता बॅटरीला सोसावी लागते.

अवकाळी

खूप खूप आभार ओंजळताई. पण हे सेटिंग आहे कुठे? माझ्या विंडोजच्या सेटिंगमध्ये तर दिसत नाहीये.

कंदील

मी सांगतो, मी हे चार वेगवेगळ्या मशीनवर केलंय. बहुतेक वेळा ते विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये नसतं, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये असतं. लेनोवोचं व्हँटेज ॲप असतं, त्यात कॉन्झर्व्हेशन मोड, जुन्या मॉडेलवर तो ५५-६० ला थांबवायचा, नव्यांवर ७५-८० ला. थिंकपॅड असेल तर किती टक्क्यांना चार्जिंग सुरू आणि किती टक्क्यांना बंद हे दोन्ही आकडे आपले आपण टाकता येतात, हे मला सगळ्यात आवडतं. आसूसचं मायआसूस, त्यात बॅटरी हेल्थ चार्जिंग, बऱ्याच मॉडेलवर ६० आणि ८० दोन्ही मिळतात. डेलचं त्यांच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारी सेटिंग), तिथे 'मुख्यतः चार्जरवर वापर' असा पर्याय असतो. एचपीच्या बऱ्याच मॉडेलला बायोसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर शोधा. ॲप अनइन्स्टॉल केलं असेल तर परत टाका, नवीन लॅपटॉप घेतला की लोक कंपनीची सगळी ॲप्स उडवतात आणि त्यातच हेही जातं.

लिनक्सवाल्यांसाठी टीएलपी म्हणून एक टूल आहे, त्याच्या फाईलमध्ये सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे लिहायचे, मशीनला सपोर्ट असेल तर झालं काम. मॅकवर ऑप्टिमाइज्ड चार्जिंग असतं, ते तुमची सवय बघून ८० वर थांबतं, पण ते स्वतः ठरवतं. मॅकवर सायकल बघायचे असतील तर ऑप्शनचं बटण दाबून धरून ॲपलच्या मेनूत सिस्टीम इन्फर्मेशन, त्यात पॉवर. आताच्या मॅकबुकना १००० सायकलपर्यंत ८० टक्के क्षमता राहील असं धरलेलं असतं.

टॅबवर: सॅमसंगला प्रोटेक्ट बॅटरी, आधी ८५ ला थांबायचं, नव्या सॉफ्टवेअरमध्ये ८० झालंय. आयपॅडमध्ये ८० ची मर्यादा २०२४ च्या मॉडेलपासून आली, एम४ चिपचा प्रो आणि एम२ चिपचा एअर. त्याआधीच्या आयपॅडवर नाहीये, तिथे चार्जर हातानेच काढावा लागतो.

पेन्सिलटोक

टॅबचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव. बाबांसाठी टॅब घेतला होता, त्यांनी महिनाभर वापरला आणि मग नको म्हणाले, डोळ्यांना त्रास होतो. मी तो आहे तसा, म्हणजे ३-४ टक्के असेल तेव्हा, बंद करून कपाटात ठेवला. दहा महिन्यांनी काढला तर काही केल्या सुरू होईना. चार्जर लावला, दोन तास काळी स्क्रीन, मग कुठे एकदा बॅटरीचं चित्र आलं. सुरू झाला शेवटी पण आता तीन तासांत संपतो. वापरलेलासुद्धा नाही हो तो, याचंच वाईट वाटतं.

ओंजळ

@पेन्सिलटोक, बंद ठेवलेली बॅटरीसुद्धा थोडी थोडी उतरत राहते आणि सर्किटही थोडं खात असतं. ३ टक्क्यांवर ठेवली तर काही महिन्यांत ती सुरक्षित पातळीच्या खाली जाते, तिथे आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो आणि ते नुकसान भरून येत नाही. काही बॅटऱ्यांमधलं संरक्षक सर्किट मग चार्जच घेऊ देत नाही, आणि ते चांगल्यासाठीच असतं. तुमचा सुरू झाला हे नशीब, पण चार्जिंगला लावून झोपू नका, आणि फुगलाय का यावर लक्ष ठेवा.

पुढच्या वेळी कोणालाही काही महिने ठेवायचं असेल तर ५० च्या आसपास करून, पूर्ण बंद करून, थंड कोरड्या जागी. तीन-चार महिन्यांनी काढून बघायचं, २०-३० वर आलं असेल तर परत ५०.

रातकिडा

आणि डार्क मोडचं काय? मी सगळीकडे काळं करून टाकलंय बॅटरी वाचावी म्हणून.

चौकट

डार्क मोडने शष्प फरक पडत नाही, मी सहा महिने वापरून बघितलंय. डोळ्यांना बरं वाटत असेल तर ठेवा.

कंदील

@चौकट, तुमची स्क्रीन एलसीडी असणार. एलसीडीच्या मागे दिवा असतो, चित्र काळं असो पांढरं असो, दिवा तेवढाच जळतो. ओलेड असेल तर प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, तिथे डार्क मोडने खरंच वाचते. उलट ओलेडवर पांढरं पान पूर्ण ब्राइटनेसला वाचत बसलात तर एलसीडीपेक्षा जास्त खाईल. म्हणून स्क्रीन कुठली आहे ते आधी बघा.

दोन्हींना लागू पडणारी गोष्ट म्हणजे ब्राइटनेस. माझ्या चौदा इंची लॅपटॉपवर नुसतं लिहिताना पूर्ण ब्राइटनेसला ९ वॉट जातात, अर्ध्यावर आणलं की ६. बाकी काही न करता ५० वॉट-तासांच्या बॅटरीवर साडेपाच तासांचे आठ तास झाले. दुसरं रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते. १२० हर्ट्झची स्क्रीन असेल तर बॅटरीवर असताना ६० करा, वाचायला लिहायला काही कळत नाही.

चौकट

ओके, माझी एलसीडीच आहे. समजलं.

सुतारपक्षी

कंदील, तुमचं ब्राइटनेसचं वाचून मी आज मोजायला बसलो. माझे ते जास्तीचे ३ वॉट आठवतात ना, त्यातला एक वॉट तर तिथेच सापडला, सवयीने ९० वर ठेवत होतो, ५० वर आणलं. मग टास्क मॅनेजर उघडून प्रोसेस तपासत बसलो, तिथे पॉवर युसेज म्हणून रकाना असतो (दिसत नसेल तर वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून चालू करायचा). काही न करता लॅपटॉप नुसता उघडा ठेवला तरी एक फाईल सिंक करणारा प्रोग्राम सारखा 'हाय' वर जात होता. उघडून बघितलं तर एका मोठ्या फाईलवर अडकून परत परत तीच वर चढवायचा प्रयत्न करत होता, किती महिने चालू होतं देव जाणे. ती फाईल काढली, शांत झाला. ब्राउझरमध्ये एका बातम्यांच्या पानाचा टॅब असाच खात होता, स्वतःहून व्हिडिओ चालवणारं पान. मेमरी किती वापरलीय याकडे मी आधी बघत होतो, पण बॅटरीला फरक मेमरीने नाही पडत, प्रोसेसर किती वेळा जागा होतो त्याने पडतो.

मॅकवर हेच ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये एनर्जी म्हणून दिसतं, कोणी बघितलं तर लिहा.

मैदानी

व्हिडिओ कॉलवाल्यांसाठी एक सांगतो, मी दिवसातले चार तास कॉलवर असतो. पाठीमागचं ब्लर करणं बंद करा. प्रत्येक फ्रेममधून माणूस वेगळा काढायचा म्हणजे केवढं काम, माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा त्या एका गोष्टीने ओरडायचा. भिंतीकडे पाठ करून बसायला लागलो, पंखा गप्प. जिथे ऐकायचंच आहे तिथे कॅमेरा बंद.

अजून एक, गेमिंग लॅपटॉप असेल आणि बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयला लावला असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये ते पोर्ट मोठ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं, मॉनिटर लावला की ते कार्ड झोपतच नाही. बॅटरीवर काम करायचं असेल तर वायर काढा.

आडवाट

माझा प्रश्न वेगळाच आहे. रात्री ७० टक्के असताना झाकण बंद करून बॅगेत ठेवतो, सकाळी काढतो तर ४०, आणि एकदा तर हाताला चटका बसेल इतका गरम होता. झोपलेला लॅपटॉप काय करतो रात्रभर??

कंदील

@आडवाट, तो झोपलेला नसतो. पूर्वीच्या झोपेत, ज्याला एस३ म्हणायचे, फक्त मेमरीला वीज जायची, बाकी सगळं बंद. आता बहुतेक नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये मॉडर्न स्टँडबाय असतं, मोबाईलसारखं, म्हणजे स्क्रीन बंद पण आतून मेल आण, अपडेट बघ, असं चालू. नीट चाललं तर फार खात नाही, पण एखादा ड्रायव्हर (आतला एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) किंवा अपडेट जागा राहिला की बंद बॅगेत तापत बसतो. त्यात हवाही नाही. मला हा प्रकार अजिबात पटत नाही, माणसाने झाकण लावलं म्हणजे त्याला ते बंद हवंय.

पॉवरसीएफजी स्लॅश ए केलं की तुमच्याकडे कुठली झोप आहे ते दिसतं. पॉवरसीएफजी स्लॅश स्लीपस्टडी केलं (ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून) तर मागच्या तीन दिवसांत झोपेत कोणी किती खाल्लं त्याचा रिपोर्ट येतो.

उपाय साधा आहे, हायबरनेट. त्यात मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप खरोखर बंद होतो, उघडला की जिथे होतात तिथूनच. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'बटणं काय करतील' असं पान आहे, त्यात झाकण बंद केल्यावर हायबरनेट निवडा. उघडायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील, पण बॅगेत तापणार नाही.

आडवाट

केलं. उद्या सकाळी सांगतो.

झुळूक

उशीर झाला धाग्यावर यायला, पण वाचताना एक गोष्ट खटकली म्हणून विचारते. माझ्या लॅपटॉपचं टचपॅड महिनाभर झालं नीट दाबलं जात नाहीये, डावीकडे क्लिक होतच नाही. मला वाटलं कचरा गेला असेल. आज टेबलावर सपाट ठेवून बघितला तर हलतोय, समोरचे दोन्ही पाय टेबलाला टेकतच नाहीयेत, आणि टचपॅडच्या कडेला फट दिसतेय, नख जाईल एवढी. पाच वर्षं जुना, कायम चार्जरवर. हे बॅटरीचं आहे का?

ओंजळ

@झुळूक, हो. हे वाचताक्षणी चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा. आत्ता.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या खाली बॅटरी असते. आतले सेल फॉइलच्या पाकिटात असतात, आत वायू तयार झाला की पाकीट फुगतं आणि टचपॅडला खालून ढकलतं. म्हणून क्लिक होत नाही.

टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका. कोणी म्हणेल टोचून हवा काढा, ते तर कधीच नाही, आग लागते. झाकण जोर लावून बंद करू नका. फरशीवर ठेवा, कागद, कपडे, पडदे यांपासून लांब. फाईल्स घ्यायच्यात म्हणून परत सुरू करू नका, डिस्क बाहेर काढून फाईल्स मिळतात, तेवढं दुरुस्तीवाल्याला सांगा. उद्या सकाळीच न्या, नेताना बॅगेत कोंबू नका. आणि काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात जाता कामा नये, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच.

झुळूक

बंद केला. चार्जर काढला. बाल्कनीच्या दाराशी फरशीवर ठेवलाय. हात थरथरतायत थोडे, महिनाभर मी तो मांडीवर घेऊन बसत होते.

ओंजळ

बरोबर केलंत. रात्री त्याला हात लावू नका, उद्या न्या आणि इथे कळवा.

आडवाट

काल ६८ वर झाकण लावलं, आज सकाळी ६८. थंडगार. कंदील, मनापासून आभार. स्लीपस्टडीमध्ये बघितलं तर वायफायचा ड्रायव्हर जवळजवळ रात्रभर जागा होता, तोही अपडेट करतोय.

अवकाळी

मायआसूस परत टाकलं, ६० लावलं. रिपोर्टमध्ये डिझाइन ५०,००० च्या जागी ४१,३०० आलं. अजून बरंच वाचलंय असं म्हणायचं.

एक शंका, मोबाईलचा चार्जर लॅपटॉपला लावला तर चालतो का? पोर्ट तेच आहे.

मैदानी

@अवकाळी, यूएसबी-सी असेल आणि चार्जर पॉवर डिलिव्हरीवाला असेल तर सहसा चालतो, लॅपटॉप आणि चार्जर आपसात ठरवून घेतात किती व्होल्ट द्यायचे. पण १८-२० वॉटचा असेल तर काम चालू असताना टक्के वाढणार नाहीत, कदाचित उतरतीलच, काही लॅपटॉप एवढ्या कमी वॉटला घेतच नाहीत. बंद करून ठेवला तर हळूहळू भरेल. अडचणीला ठीक. वायर मात्र चांगली घ्या, पातळ वायर तापते.

सुतारपक्षी

माझा हिशोब. ब्राइटनेस, सिंक प्रोग्राम आणि ब्राउझरमधला तो बातम्यांचा टॅब, एवढ्यावर ११ वॉटचे साडेसात झाले. त्याच ३८ वॉट-तासांच्या बॅटरीवर काल पाच तास मिळाले. बॅटरी बदलायला निघालो होतो, आता वर्षभर तरी थांबेन. कायमच्या टेबलाच्या कामाला ८० ची मर्यादा लावलीय, बाहेर जायच्या आदल्या दिवशी तेवढ्यापुरती शंभर करतो. मॉनिटर लावतो तेव्हा झाकण आता उघडं ठेवतो आणि खाली दोन पट्ट्या घालून उचलून ठेवलाय, हाताला फरक कळतोय.

झुळूक, तुमचं काय झालं? काळजी वाटतेय.

झुळूक

नेला होता. त्यांनी माझ्यासमोर उघडला. शेवटचा स्क्रू निघाला तसं मागचं झाकण आपोआप दोन बोटं वर आलं. तीन सेलपैकी मधला उशीसारखा टम्म फुगलेला, शेजारचा अर्धा. बाहेर वाटलं होतं त्यापेक्षा खूपच जास्त. टचपॅडचा पत्रा थोडा वाकलाय पण क्लिक परत व्हायला लागलं, बाकी सगळं ठीक, फाईल्सही जशाच्या तशा. नवी बॅटरी कंपनीचीच बसवली, जुनी त्यांनीच ई-कचऱ्यासाठी वाळूच्या डब्यात ठेवून घेतली.

घरी येऊन पहिल्यांदा रिपोर्ट काढला. डिझाइन ५०,०००, फुल चार्ज ५१,२००. जास्त कसं काय दाखवतंय? काही गडबड तर नाही ना? आणि ८० ची मर्यादा लावलीय लगेच.

ओंजळ

बरं झालं वेळेत नेलात. गडबड काही नाही, नव्या बॅटरीत डिझाइनच्या आकड्यापेक्षा थोडं जास्त मावतं बऱ्याचदा. आजची तारीख आणि हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, सहा महिन्यांनी परत रिपोर्ट काढा आणि इथेच टाका.